बोलायचं कोणाशी, आणि आधी कोणाशी

गोव्यात आमच्या वाळपईच्या बाजारात सकाळी चहाला बसलं की एकच पेपर चार जणांत वाटला जातो, एकाकडे पहिलं पान, एकाकडे क्रिकेट, आणि मयतांच्या जाहिरातींचं पान सगळ्यांच्या हातातून फिरतं कारण कोण गेलं ते आधी बघायचं असतं. त्या दिवशी पहिलं पान मास्तरांकडे होतं (रिटायर होऊन जमाना झाला तरी मास्तरच). बातमी बस्तरची. माओवाद्यांनी पत्रक काढलं होतं की आम्ही बोलायला तयार आहोत, आणि सरकारने म्हटलं होतं की बोलणी वगैरे काही नाही, हत्यारं टाका आणि सरेंडर करा. मास्तरांनी पाव पातळभाजीत बुडवला आणि निकाल देऊन टाकला, बंदूकवाल्यांशी कसली बोलणी रे, ठोकायचे आणि विषय संपवायचा. टेबलावर सगळ्यांनी मान हलवली. मीपण हलवली, खरं सांगतो, सकाळी साडेसातला कोण वाद घालणार.

पण घरी येईपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला. कारण नाणूस आमच्यापासून किती लांब, मनात आणलं तर चालत जाता येईल. आणि नाणूसच्या किल्ल्याचं नाव निघालं की आम्ही सगळे, मास्तर सगळ्यांत पुढे, दीपाजी राणेंच्या आठवणीने छाती फुगवतो. त्या दीपाजींनी केलं काय होतं? १८५२ च्या जानेवारीत सरकारी किल्ला हत्यारांच्या जोरावर घेतला आणि पुढे तीन-साडेतीन वर्षं सत्तरीच्या रानातून पोर्तुगीजांना असं नाचवलं की शेवटी १८५५ ला लिस्बनच्या त्या मिजासखोर सरकारने काय केलं, तर बोलणी केली. तह केला. म्हणजे बंदूकवाल्यांशी बोलणी कशी करतात हे शिकायला आम्हाला आयर्लंडला जायची गरजच नाही, आमच्या घराच्या मागे डोंगरावर ते झालेलं आहे. आणि तह टिकत नाहीत तेव्हा काय होतं तेपण इथंच झालंय, कारण १८९५ ला मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी बंड केलं तेव्हा राणे परत उठले, आणि त्यावेळी दादा राण्यांची रवानगी थेट तिमोरला झाली.

मास्तर म्हणणार हे मला माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालेच, की दीपाजींना तू नक्षल्यांच्या रांगेत बसवतोस, लाज वाटत नाही तुला? त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. परक्या राज्यात मत नव्हतं, इथं मत आहे. ज्याला मतपेटी उपलब्ध आहे त्याने बंदूक उचलली तर त्याचा हिशोब वेगळा लागतो, हे मी शंभर टक्के मानतो. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, गडचिरोलीत जांभूळखेड्याला सुरुंग लावून १५ पोलीस उडवले आणि सोबत गाडीचा ड्रायव्हर. ती पोरं बहुतेक तिथलीच, गरीब घरची. त्यांच्या आईला जाऊन दीपाजींची गोष्ट सांगायची माझी हिंमत नाही.

पण प्रश्न बंदूक उचलणारा बरोबर की चूक हा नाहीच आहे. तो चूक आहे असं धरूनच चला. प्रश्न असा की चूक असलेल्या माणसाशी सरकारने बोलावं की नाही. आणि इथं आपण सगळे थोडं ढोंग करतो, कारण सरकारं बोलतातच. सगळी बोलतात. ब्रिटनच्या थॅचरबाई वर वर दहशतवाद्यांशी बोलणार नाही म्हणत राहिल्या आणि खालून आयर्लंडच्या बंदूकवाल्यांशी, आयआरएशी, निरोपानिरोपी चालूच होती, म्हणून तर पुढे १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार होऊ शकला. आपल्याकडे नागा, मिझो, बोडो, उल्फा, एकपण नाव असं नाही ज्यांच्याशी दिल्ली कधी ना कधी टेबलावर बसलेली नाही. तेव्हा बोलावं की नाही ही चर्चा टीव्हीवाल्यांना सोडून देऊ. माझं भांडण वेगळं आहे. सरकार बंदूकवाल्याशी बोलतं याचा मला राग नाही, राग याचा आहे की त्याच गावातला बिनबंदुकीचा माणूस आधी वर्षानुवर्षं दारात उभा होता, आणि त्याच्याशी कोणी बोललं नाही.

हे म्हणताना मला पहिल्यांदा आठवतो तो सालाझार, पोर्तुगालचा हुकूमशहा. आपल्या गोंयकारांना त्याच्याएवढा चांगला नमुना कुठे मिळणार. १८ जून १९४६ ला लोहिया मडगावला आले तेव्हा मागणी काय होती, तर सभा घेऊ द्या, बोलू द्या. एवढीच. हातात काठीपण नाही. त्यांना धरलं, मग टी. बी. कुन्हांसारख्यांना धरून पोर्तुगालच्या तुरुंगात टाकलं, आणि लगेच पुढच्या वर्षी १९४७ ला आझाद गोमंतक दल उभं राहिलं, म्हणजे हत्यारवाले. क्रम बघा. नेहरूंनी फेब्रुवारी १९५० ला रीतसर पत्र पाठवलं की बसू आणि बोलू, लिस्बनने सांगितलं बोलायला काही नाहीच, हा आमचा प्रांत आहे. शेवटी १९५३ ला भारताने तिथली कचेरी बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आले तर त्यांच्यावर गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मेली. त्याच साली मोहन रानडे बेतीच्या चौकीवर चालून गेले आणि जखमी होऊन पकडले गेले, ते सुटले थेट १९६९ ला, गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाल्यावर. आणि डिसेंबर १९६१ ला भारताचं सैन्य आलं तेव्हा सालाझारचा हुकूम होता शरण जायचं नाही. गव्हर्नर वासालो इ सिल्वाने डोकं वापरलं, १९ डिसेंबरला सही केली आणि पणजी वाचली, आणि घरी गेल्यावर त्या शहाणपणाची शिक्षा भोगली.

बरं, सालाझार यातून काही शिकला का? त्याच वर्षी अंगोलात लढाई सुरू झालेली, मग गिनी, मग मोझांबिक, तेरा वर्षं पोर्तुगालची पोरं आफ्रिकेत मरत राहिली आणि त्याहून कितीतरी जास्त आफ्रिकन लोक, आणि लिस्बनचं उत्तर एकच, गनिमांशी बोलणार नाही. शेवटी २५ एप्रिल १९७४ ला त्यांच्याच सैन्याने सरकार उलथवलं. आणि मग काय केलं? बोलणी. सप्टेंबरात लुसाकाला फ्रेलिमोशी, म्हणजे मोझांबिकच्या बंदूकवाल्यांशी, करार. त्या बोलण्यांच्या आधी गुपचूप निरोप नेणाऱ्यांत एक माणूस आपला बार्देशचा होता, आकीनो द ब्रागांझा, गोव्यात जन्मला, आफ्रिकेत गेला, फ्रेलिमोच्या बाजूने उभा राहिला आणि १९८६ ला मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांच्या विमान अपघातात त्यांच्यासोबतच गेला. आमच्या पोरांना तो कोण ते ठाऊक नाही, सालाझार मात्र ठाऊक आहे. असो.

तेरा वर्षांनी जे बोलायचं होतं ते पहिल्या वर्षी बोलले असते तर, हे म्हणणं सोपं आहे हे मला कळतं. पण मिझोरामचं बघा, तिथं तर पहिल्या वर्षीच्याही आधीची गोष्ट आहे.

मिझो डोंगरात साधारण पन्नास वर्षांनी एकदा बांबूला फुलं येतात, त्याला ते मौतम म्हणतात. फुलं आली की उंदीर मोकाट वाढतात, उंदीर धान्य खातात, दुष्काळ पडतो. म्हाताऱ्या माणसांना हे पाठ होतं. १९५८ ला तिथल्या जिल्हा परिषदेने आसाम सरकारला सांगितलं की दुष्काळ येतोय, १५ लाख द्या, तयारी करतो. आसाम सरकारला वाटलं या आदिवासी अंधश्रद्धा. दुष्काळ आला. माणसं मेली. तेव्हा लालडेंगा नावाच्या एका माणसाने, जो आधी फौजेत हवालदार होता, मदत वाटण्यासाठी एक संघटना काढली, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. तांदळाची पोती पाठीवर मारून गावोगाव जाणारी पोरं ती. १९६१ ला त्या नावातून फॅमिन हा शब्द गळला आणि उरला मिझो नॅशनल फ्रंट. १९६६ च्या मार्चमध्ये त्यांनी बंड केलं, आणि भारतीय हवाई दलाने ऐजॉलवर विमानातून मारा केला. आपल्याच देशातल्या गावावर. मग गावंच्या गावं उठवून रस्त्याच्या कडेला छावण्यांत नेऊन वसवली, वीस वर्षं हे चाललं. १५ लाख वाचवायला गेलेल्या सरकारला ते केवढ्याला पडलं याचा हिशोब कोण मांडणार.

आणि मग ३० जून १९८६ चा करार. मला यातला सगळ्यांत भारी भाग कोणता वाटतो सांगू? करार नाही, खुर्ची. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री लालथनहावला, काँग्रेसचे, निवडून आलेले, ते खाली उतरले आणि काल परवापर्यंत ज्याला देशद्रोही म्हणत होते त्या लालडेंगाला मुख्यमंत्री केलं, स्वतः उपमुख्यमंत्री झाले. आपल्याकडे पंचायतीचा सरपंच अडीच वर्षांनी खुर्ची द्यायची ठरलेली असून देत नाही, अविश्वास ठराव आणावा लागतो. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं, २३ वं, आणि तीन महिन्यांनी ३० मेला आपण, २५ वे. म्हणजे आपली दोघांची जन्मवेळ जवळजवळ एकच. ते रक्तातून आले, आपण आलो ते बरेचसे कागदातून. लालडेंगा पुढे सत्तेवरून गेले, वारले, त्यांचा सेक्रेटरी झोरामथांगा, जो जंगलात बंदूक घेऊन फिरलेला, तो मुख्यमंत्री झाला, हरला, परत झाला, आणि २०२३ ला स्वतःच्या मतदारसंघातसुद्धा हरला. हरला तर राजीनामा दिला आणि घरी गेला. त्याला हरवून आलेले लालदुहोमा पूर्वी आयपीएस होते आणि नोकरीच्या सुरुवातीला आपल्या गोव्यात होते, हिप्पी आणि ड्रग्जवाल्यांच्या मागे लागलेले. बंदूकवाला मतमोजणीत हरतो आणि पोलीसवाला जिंकतो आणि एकपण गोळी सुटत नाही, बोलणी यशस्वी झाली म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. सगळं गोड झालं असंही नाही, तिथल्या ब्रू या छोट्या जमातीच्या लोकांना १९९७ ला पळून त्रिपुरात जावं लागलं आणि त्यांचा तोडगा निघायला २०२० उजाडलं. पण तरीही.

मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हो पण मिझोंना एक नेता होता, एकच संघटना होती. बरोबर. मास्तर पेपर नीट वाचतात. नागांचं तसं झालं नाही. १९७५ चा शिलाँग करार झाला, काहींनी सही केली, बाकीच्यांना तो विश्वासघात वाटला आणि त्यातून १९८० ला एनएससीएन ही नवी हत्यारी संघटना निघाली, ती १९८८ ला फुटली, मग तुकड्यांचे तुकडे. १९९७ पासून युद्धबंदी आहे, ३ ऑगस्ट २०१५ ला मोठ्या थाटात फ्रेमवर्क करार झाला, आणि गाडी तिथंच अडकून बसली. या सगळ्या वर्षांत साध्या दुकानदाराचं काय, तर तो सरकारला टॅक्स देतो आणि या गटाला, त्या गटाला पण देतो. युद्ध नाही, शांतता पण नाही. गोव्यात हॉटेलांत, पार्लरमध्ये काम करणारी कितीतरी पोरं तिकडची आहेत, आपण त्यांना सरसकट नेपाळी समजतो हा आपला कोडगेपणा. त्यातल्या एकाने मला एकदा सांगितलं की आमच्याकडे दुकान टाकायचं म्हणजे किती जणांना हिस्सा द्यायचा ते आधी मोजावं लागतं, म्हणून इथं प्लेटा उचलतो. आणि लष्कराची बाजू म्हणाल तर डिसेंबर २०२१ ला नागालँडात ओटिंगला कोळशाच्या खाणीवरून घरी चाललेल्या मजुरांना अतिरेकी समजून मारलं.

तर बोलणी म्हणजे जादूची कांडी नाही. आणि बोलण्यांविरुद्धचा खरा, झोंबणारा मुद्दा मास्तरांनी मांडलाच नाही, तो मीच मांडतो. सरकार बंदूकवाल्याशी बोललं की बंदुकीचा भाव वाढतो. नुसता बाजारातला भाव नाही, पोरांच्या डोक्यातला भाव. मणिपूरची इरोम शर्मिला घ्या. २ नोव्हेंबर २००० ला मालोमला बसस्टॉपवर दहा माणसं मारली गेली, तिने उपास धरला, अफस्पा, म्हणजे लष्कराला खास अधिकार देणारा कायदा, काढा म्हणून, आणि तो ९ ऑगस्ट २०१६ ला सोडला. जवळजवळ सोळा वर्षं नाकातून नळी. तिच्यावर गुन्हा कसला, तर आत्महत्येचा प्रयत्न. त्याच सोळा वर्षांत मणिपूर-नागालँडचे हत्यारवाले नेते दिल्लीत, परदेशात, चांगल्या हॉटेलांत सरकारच्या माणसांसोबत बसत होते. एका पोराने हे बघितलं तर तो काय शिकेल? उपास करणारीला नळी, बंदूकवाल्याला विमानाचं तिकीट. आणि पुढे २०१७ ला ती निवडणुकीला उभी राहिली तर ९० मतं. लोकांनीपण तिला सोडलं म्हणा. हा आकडा मला अजून खुपतो, आणि तो माझ्या मतदानाच्या गप्पांनाही जरा गप्प करतो.

आपण तरी फार वेगळे होतो का? गोव्यातलं १९८५ ते ८७ चं कोकणी-मराठी भाषेचं आंदोलन आठवा, रस्त्यावर झाडं पाडून वाटा बंद, जाळपोळ, माणसं गेली, आणि ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. मी मराठीवाला, त्या कायद्याबद्दल माझं दुखणं आहे ते आहे आणि कोकणीवाल्या मित्रांचं उलटं दुखणं आहे, ते इथं नको. पण वीस वर्षं निवेदनं दोन्ही बाजूंनी दिली होती की. निवेदनांनी हललं नाही ते रस्त्यांनी हललं. सरकार नावाच्या माणसाचे कान असे आहेत.

म्हणून मी म्हणतो, बोला, पण आधी दारातल्या माणसाशी. बंदूकवाला टेबलावर यायच्या आधी, किंवा निदान त्याच्यासोबत, तिथला सरपंच, चर्च, बायकांच्या संघटना, उपासाला बसलेली, कोर्टात गेलेले, सगळे टेबलावर असायला हवेत. मिझोरामला चर्च मध्ये होतं, लोक दमलेले होते आणि दमलोय हे सांगायला त्यांना जागा होती. आंध्रात २००४ च्या ऑक्टोबरात काय झालं, हैदराबादला मंजिरा गेस्ट हाउसमध्ये चार दिवस नक्षलवादी आणि मंत्री समोरासमोर बसले, शंकरन यांच्यासारख्या भल्या माणसांनी किती वर्षं खपून ते घडवून आणलं, आणि बोलण्यांच्या आदल्याच दिवशी पीपल्स वॉर आणि एमसीसी या दोन नक्षलवादी संघटना एकत्र होऊन माओवादी पक्ष झाल्याचं जाहीर झालं, हत्यारं घेऊन गावात फिरायचं की नाही यावरच गाडं अडलं, जानेवारीत सगळं मोडलं. आजही दोन्ही बाजू म्हणतात की समोरच्याने बोलण्यांचा वापर तयारीसाठी केला. दोघांचंही खरं असणार.

इथं एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे, लोक नेहमी घोळ करतात. डिसेंबर १९९९ ला कंदाहारला तीन अतिरेकी सोडले, मसूद अझर त्यातला, त्याला बोलणी म्हणत नाहीत. तो ओलिसांचा सौदा, मानेवर सुरी ठेवून केलेला. त्यावर मत वेगळं असू शकतं, माझं तर दर वेळी बदलतं, विमानात आपलं माणूस असतं तर काय म्हटलं असतं म्हणून. तसंच २६/११ वाल्यांशी बोलायला काही नाही, कारण त्यांची मागणी अशी कुठली जी कुठल्यातरी मतदारसंघात, कुठल्यातरी सभेत मांडता येईल? जमीन, जंगल, भाषा, स्वतःचं राज्य, पोलिसांचा छळ, हे सगळं मांडता येतं. मेलेल्या माणसांचे फोटो हीच ज्याची मागणी आहे त्याच्याशी काय बोलणार.

आणि हो, काही वेळा बोलणी करून माणूस फसतोच. श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदास यांनी १९८९-९० ला एलटीटीईशी, म्हणजे तमिळ वाघांशी, जुळवून घेतलं, आपल्या शांतिसेनेला घालवायला त्यांना हत्यारंसुद्धा पुरवली, आणि १ मे १९९३ ला त्यांनीच प्रेमदासांना बॉम्बने उडवलं. २००२ ला नॉर्वेने युद्धबंदी करून दिली तीपण मोडली. शेवटी मे २००९ ला लंकेच्या सैन्याने प्रभाकरनला मारून युद्ध जिंकलं, म्हणजे ठोकून विषय संपतो हे मास्तरांचं म्हणणं खोटं नाही, संपतो. पण त्या शेवटच्या महिन्यांत किती सामान्य तमिळ मेले त्याचा यूएनच्या पॅनेलने चाळीस हजारांपर्यंतचा अंदाज दिलाय, आणि ज्यावरून सगळं सुरू झालं ते प्रांतांचे अधिकार, १९८७ ला कागदावर दिलेले, ते पूर्ण हातात अजून पडले नाहीत. विषय संपला की माणसं संपली, हे मला नीट ठरवता येत नाही.

आता बस्तरकडे. २०२५ च्या मे महिन्यात माओवाद्यांचा मुख्य माणूस बसवराजू मारला गेला, ऑक्टोबरात गडचिरोलीत भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल, साठ जणांसोबत मुख्यमंत्र्यांसमोर हत्यारं ठेवून आला, ३१ मार्च २०२६ ही तारीख गृहमंत्र्यांनी आधीच देऊन ठेवली होती. म्हणजे बंदूक हरत गेली. मला त्याचं दुःख नाही, मी आधीच सांगितलं. पण बंदूक हरते तेव्हा सरकारचा जो सगळ्यांत लाडका बहाणा असतो, की आम्ही बंदुकीसमोर झुकणार नाही, तो पण हरतो. आता बोलायचं नाही ते कशासाठी? मे २०२१ ला सिलगेरला पोलीस कॅम्पच्या विरोधात गावकरी बसले होते, बिनहत्याराचे, गोळीबारात माणसं मेली, तरी ते पुढे महिनोन् महिने बसूनच राहिले. त्यातून तिथल्या पोरापोरींचा मूलवासी बचाओ मंच उभा राहिला, आणि ऑक्टोबर २०२४ ला छत्तीसगड सरकारने त्या मंचावर बंदी घातली. सरकार म्हणतं ते विकासाला विरोध करतात, माओवाद्यांची माणसं आहेत. असतील काही. पण बंदूकवाल्याला पुनर्वसन, चेक आणि स्टेजवर हार, आणि रस्त्यावर धरणं धरून बसलेल्यावर बंदी, हे त्या रानातल्या पोराने कसं वाचायचं?

यावर मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्याकडे बरं असलं काही होत नाही. मी म्हटलं मास्तर, का होत नाही ते बघा की. शेळ-मेळावली, हे काय इथं गुळेलीला. जानेवारी २०२१. आयआयटी आणायची म्हणून जमीन मोजायला आले, सहा तारखेला पोलीस आणि गावकरी भिडले, अश्रुधूर, लाठ्या, दगड, बायका जमिनीवर आडव्या पडलेल्या. ते व्हिडिओ तुम्हीच मला फॉरवर्ड केले होते. आणि दहा दिवस पण गेले नाहीत, आमच्याच आमदारांनी, जे मंत्री होते आणि आधी प्रोजेक्टच्या बाजूने होते, मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की हलवा, आणि मुख्यमंत्र्यांनी मेळावलीतून प्रोजेक्ट काढला. त्याआधी नायलॉन ६,६ च्या कारखान्याच्या वेळीही तेच, सेझच्या वेळीही तेच. गोव्याचे राजकारणी काय संत आहेत? नाहीत. पण आपल्या एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतं, आमदार बारशाला येतो, लग्नाला येतो, मयताला तर येतोच, चतुर्थीला घरोघर फिरतो, त्याला पळून जायला जागाच नाही. बस्तरातला बिजापूर हा एक मतदारसंघ आख्ख्या गोव्याहून मोठा आहे. तिथल्या आदिवासीला आमदार कुठे गाठायचा, रायपूरला? त्याचं भांडण आपल्यासारखंच आहे, जमिनीचं, फक्त त्याच्या मयताला कोणी येत नाही.

कोलंबियात २०१६ ला सरकारने फार्कशी, तिथल्या बंदूकवाल्यांशी, करार केला आणि लोकांना विचारलं, २ ऑक्टोबरला मतदान घेतलं, थोडक्यात पडला, पन्नास टक्क्यांहून किंचित जास्त लोक नको म्हणाले. पण बोहाया नावाचं एक गाव आहे, तिथं २००२ ला चर्चमध्ये आसऱ्याला लपलेल्या माणसांवर फार्कचा बॉम्ब पडला होता, कितीतरी पोरं गेली. त्या गावाने किती टक्के हो म्हटलं असेल? ९६. ज्यांच्या घरातली माणसं गेली ते म्हणाले पुरे, बोला. नको म्हणणारे बरेचसे लांबच्या शहरातले. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा मला जरा आपलं टेबल, आपला पाव आणि आपलं मान हलवणं आठवलं.

मास्तर लगेच मानणारे नव्हेत. म्हणाले, मेळावलीला पण दगड मारलेच होते ना काहींनी.

मारले, मी म्हटलं. केसीपण घातल्या त्यांच्यावर. आणि तरी बोलले.

मास्तरांनी पहिलं पान घडी घालून माझ्याकडे सरकवलं आणि मयतांचं पान मागून घेतलं.